९५ टक्के नोंदी, ६८ टक्के नकाशे

ग्रामीण भारतातल्या सुमारे ९५ टक्के जमिनींच्या हक्कनोंदी संगणकावर आल्याचे केंद्राच्या भूसंसाधन विभागाने २०२४ साली जाहीर केले. त्याच निवेदनात आणखी दोन आकडे होते. गावनकाशांचे संगणकीकरण ६८.०२ टक्के झाले होते आणि ८७ टक्के दुय्यम निबंधक कार्यालये जमिनीच्या नोंदींशी जोडली गेली होती. जमीन कोणाच्या नावावर आहे ते पहिल्या आकड्याच्या मागे आहे, ती नेमकी कुठून कुठपर्यंत आहे ते दुसऱ्याच्या मागे, आणि ती विकली गेल्याची वर्दी तहसील कार्यालयात आपोआप पोहोचते का, ते तिसऱ्याच्या मागे. बातमीत येतो तो पहिला. काम अडते ते दुसऱ्यापाशी. ९५ आणि ६८ यांतला फरक २७ टक्केबिंदूंचा आहे आणि शेताच्या बांधावरचे भांडण या २७ मध्ये आहे.

या कामाचा खर्च पाहिला तर फरकाचे कारण समजते. डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम २००८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाला आणि १ एप्रिल २०१६ पासून त्याचा संपूर्ण खर्च केंद्र सरकार करते. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी त्याची तरतूद ८७५ कोटी रुपये. म्हणजे वर्षाला १७५ कोटी, आणि देशातल्या सुमारे ६.४ लाख गावांत ती वाटली तर गावामागे वर्षाला साधारण २,७०० रुपये. एवढ्या पैशांत कागद संगणकावर उतरवता येतो. गावाची फेरमोजणी करता येत नाही.

महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला. एका प्रतीचे शुल्क १५ रुपये. राज्यात सातबारे अडीच कोटींहून अधिक आणि २०११ च्या जनगणनेनुसार गावे ४३,६६५, म्हणजे गावामागे सरासरी ५७० सातबारे. पीककर्ज, पीकविमा, हमीभावाची खरेदी, ठिबकचे अनुदान, न्यायालयातला दावा, यांतले काहीही करायचे तर आधी उतारा लागतो. पूर्वी तो तलाठ्याच्या हातून मिळे, आणि एका तलाठ्याच्या सज्जात एकापेक्षा जास्त गावे असल्याने तो कोणत्या दिवशी कुठे भेटेल ते ठरलेले नसे. आज उतारा कोणत्याही वेळी, कोणत्याही गावाचा, राज्यात कुठूनही निघतो. त्या प्रतीवर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. नकलेचा प्रश्न सुटला आहे, आणि तो सोडवणाऱ्यांचे श्रेय निखळ आहे.

नोंदीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तो आकड्यांत पाहायचा तर कृषी गणनेकडे जावे लागते. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात ४९.५१ लाख वहितीखाती होती आणि त्यांचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये खाती १५२.८५ लाख झाली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर उरले. पंचेचाळीस वर्षांत खाती तिपटीहून जास्त, तर एकूण क्षेत्र २११.७९ लाख हेक्टरवरून २०५.०६ लाख हेक्टरवर, म्हणजे ३.२ टक्क्यांनी कमी. एकरांत सांगायचे तर दहा एकर २३ गुंठ्यांचे सरासरी शेत तीन एकर १२ गुंठ्यांवर आले. दोन हेक्टरपर्यंतची खाती आता एकूण खात्यांच्या जवळपास ८० टक्के आहेत आणि त्यांच्याकडे क्षेत्र आहे सुमारे ४५ टक्के.

त्यातली शेवटची पाच वर्षे वेगळी काढून पाहावीत. २०१०-११ मध्ये खाती १३६.९९ लाख होती. पाच वर्षांत त्यांत १५.८६ लाखांची, म्हणजे ११.६ टक्के वाढ झाली. दिवसाचा हिशेब केला तर रोज सुमारे ८७० नवी खाती. वाटणी, वारसा, खरेदी, बक्षीसपत्र, यांतल्या कोणत्या ना कोणत्या मार्गाने खाते फुटते आणि त्यातल्या प्रत्येक वेळी फेरफार, म्हणजे हक्कनोंदीतला बदल, व्हावा लागतो. संगणकीकरणाची घोषणा एका दिवशी होते, पण नोंद रोज जुनी होत राहते. आज शंभर टक्के बरोबर असलेला गावाचा दप्तरखाना कोणी फेरफार न धरता पाच वर्षे तसाच ठेवला, तर राज्याच्या सरासरीने त्यातल्या दहा खात्यांमागे एकाहून जास्त खाते वस्तुस्थितीपासून सुटलेले असेल.

फेरफाराला कायद्याने ठरवलेली पायरी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. ई-फेरफार प्रणालीने यातला कागदाचा प्रवास काढून टाकला. दस्त नोंदला की माहिती निबंधक कार्यालयातून तहसीलकडे जाते, आणि वारसनोंदीसारखा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो. पण १५ दिवस कमी करता येत नाहीत आणि करू नयेत, कारण ज्या भावाला किंवा बहिणीला न विचारता नोंद होत असेल, त्याला किंवा तिला बोलायची जागा तेवढीच आहे. हे १५ दिवस सोडून उरलेल्या वेळेपैकी यंत्राचा किती आणि माणसाचा किती, हे पाहायला हवे.

माणसांचा आकडा बोलका आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदे होती आणि अर्ज दहा लाखांहून जास्त आले, म्हणजे एका पदामागे दोनशेहून जास्त उमेदवार. बेरोजगारीची बातमी म्हणून हा आकडा सगळीकडे छापला गेला. महसुलाच्या बाजूने पाहिले तर त्याचा दुसरा अर्थ असा की संगणकीकरणानंतर पाच वर्षांनीही राज्याला तलाठ्यांची ४,६४४ पदे भरावी लागत होती. उतारा देण्याचे काम गेले, नोंद धरण्याचे राहिले. २०२४ मध्ये पदाचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. नोंदवहीतले काम तेच आहे.

संगणकावर चढवलेली नोंद आणि हस्तलिखित नोंद एकच आहेत का, हा प्रश्न शासनाने स्वतः विचारला होता, आणि तो या सगळ्या कार्यक्रमातला सर्वात प्रामाणिक टप्पा म्हणावा लागेल. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकीकृत सातबारे लोकांसमोर वाचून दाखवायचे आणि चुका टिपायच्या, असे त्याचे स्वरूप होते. चुकांसाठी आधी एडिट मॉड्यूल आणि मग री-एडिट मॉड्यूल ही सोय प्रणालीत करावी लागली. त्यानंतर विसंगती शोधणारे ओडीसी अहवाल आले: सातबाऱ्यावरच्या भोगवटादारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, खाते क्रमांक दोनदा आला आहे, फेरफार क्रमांक नाही, असे प्रकार त्यांत निघतात. जे राहून गेले त्यासाठी कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. टंकनाची चूक ज्याने केली त्याचे एक अक्षर चुकले, ज्याच्या उताऱ्यावर ती आली त्याला अर्ज, तारीख आणि आदेश.

चुकीला वजन येते ते कायद्यामुळे. कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद, तिच्या विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. सातबारा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत, पण मालकी सिद्ध करण्याचा भार नोंदीत नाव नसणाऱ्यावर असतो. ‘दक्ष’ या संस्थेच्या २०१६ च्या पाहणीत दिवाणी पक्षकारांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांचे वाद जमीन वा मालमत्तेचे होते. या दाव्यांत हरणाऱ्याची आणि जिंकणाऱ्याची दोघांचीही वर्षे जातात.

जिवंत सातबारा मोहीम हा या चर्चेतला सर्वात थेट पुरावा. मार्च २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सुरू करून एप्रिलपासून ती राज्यभर नेण्यात आली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावायची, हा तिचा हेतू. डिजिटल सातबारा येऊन सात वर्षे होत आली असताना मृतांची नावे हटवायला राज्यव्यापी मोहीम लागली, याचा अर्थ त्या सात वर्षांत मृत व्यक्तीच्या नावाचा, पण वैध डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा १५ रुपयांत निघत होता. स्वाक्षरी सांगते की ही प्रत शासनाच्या नोंदीशी जुळते. नोंद वस्तुस्थितीशी जुळते का, ते स्वाक्षरीला ठाऊक नसते. मोहीम योग्यच होती. जन्म-मृत्यूची नोंदवही ग्रामपंचायतीत आणि हक्कनोंद महसुलात, दोन्ही संगणकावर, एकाच गावच्या; मृत्यूची नोंद झाल्यावर वारसनोंद आपोआप सुरू होईल अशी जोडणी आधी झाली असती तर मोहिमेची गरज पडली नसती.

आता नकाशे. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची घडी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी बसवली आणि पुढे ती इलाखाभर गेली. शंकुसाखळीने मोजलेल्या त्या नकाशांवरच आजचे गट आणि पोटहिस्से उभे आहेत. साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चार हेक्टरच्या शेतात दोन-तीन फुटांची चूक कोणी मोजत नव्हते. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात तीच चूक विहीर कोणाच्या बाजूला पडते ते ठरवते. म्हणून जुना नकाशा संगणकावर काढून घेतला की त्यातली चूकही जशीच्या तशी उतरते, आणि मोजणी खात्याच्या आकारबंदातले क्षेत्र, सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाटीचे क्षेत्र असे तीन आकडे वेगवेगळे निघतात. राज्यात आता रोव्हरने मोजणी करण्यासाठी उपग्रहाशी जोडलेली ७७ कॉर्स स्थानके आहेत आणि काही सेंटिमीटरपर्यंत अचूक हद्द त्यांच्या साहाय्याने मिळते. यंत्राची अचूकता सेंटिमीटरची, मूळ अभिलेखाची फुटांची. या दोन्हींतला फरक मोजणीदाराला बांधावर उभे राहून, दोन्ही शेजाऱ्यांसमोर मिटवावा लागतो.

गावठाणातही हीच तफावत दिसते. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, सोनोरी गावात झाला होता. जानेवारी २०२५ पर्यंत देशात ३.१७ लाख गावांवर ड्रोन फिरले होते, म्हणजे उद्दिष्टाच्या ९२ टक्के. मिळकत पत्रिका मात्र १.५३ लाख गावांच्या तयार होत्या, एकूण २.२५ कोटी. ड्रोन फिरलेल्या गावांपैकी ४८ टक्के. उडण्याचे काम ९२ वर आणि चौकशी, हरकत, निर्णय, सनद हे काम त्याच्या निम्म्यावर. घराची भिंत छायाचित्रात दिसते. ती थोरल्याची की धाकट्याची, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

नोंदीची खरी परीक्षा तिच्यावर पैसे अवलंबून असतात तेव्हा होते. पीएम किसान योजनेत पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे ही अट आहे आणि वारसाने आलेली जमीन तिला अपवाद आहे, म्हणजे फेरफाराची तारीख थेट पात्रता ठरवते. मे २०२२ च्या अकराव्या हप्त्यात दहा कोटींहून अधिक शेतकऱ्यांना सुमारे २१,००० कोटी रुपये गेल्याचे जाहीर झाले. पुढच्या, ऑक्टोबर २०२२ च्या हप्त्यापासून जमिनीच्या नोंदीची जोडणी सक्तीची झाली. त्या हप्त्याची रक्कम १६,००० कोटी होती. एका हप्त्यात २४ टक्के घट. फेब्रुवारी २०२३ च्या तेराव्या हप्त्यात लाभार्थी आठ कोटींच्या आसपास होते. तिथून संख्या परत चढत गेली. यवतमाळहून फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटलेल्या सोळाव्या हप्त्यात नऊ कोटींहून अधिक, वाशिमहून ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटलेल्या अठराव्यात ९.४ कोटी, आणि फेब्रुवारी २०२५ च्या एकोणिसाव्यात ९.८ कोटी.

अपात्रांना वगळणे हा या सक्तीचा उद्देश होता आणि काही जण त्यामुळे गळले. पण दोन वर्षांत दीड कोटीहून अधिक नावे वाढली, आणि जमीनधारणेची तारीख २०१९ वर गोठवलेली असताना ही सगळी वाढ नव्या शेतकऱ्यांची असू शकत नाही. तिचा मोठा भाग आधी गळलेल्या पात्र लोकांचा असणार. ज्याची नोंद जुळत नव्हती त्याने तीन-चार हप्ते गमावले किंवा उशिरा घेतले. खरिपाच्या बियाण्याला २,००० रुपये जूनमध्ये लागतात, फेब्रुवारीत मिळून उपयोग नाही. अपात्र किती आणि जोडणीत अडकलेले पात्र किती, ही फोड तालुकावार जाहीर होत गेली असती, तर कोणत्या तालुक्याच्या नोंदी नीट आहेत ते सहा महिन्यांत दिसले असते.

उलट दिशेचे उदाहरण पीकविम्याचे. महाराष्ट्रात २०२२ च्या खरिपात सुमारे ९६ लाख अर्ज आले होते. २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपया झाला आणि अर्ज सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले, एका वर्षात ७७ टक्के वाढ. २०१५-१६ ची वहितीखाती १.५३ कोटी होती हे लक्षात घेतले तर आकड्याचा आवाका कळतो, जरी एका खात्यावर पीकनिहाय एकाहून जास्त अर्ज होऊ शकतात. हे सगळे अर्ज ऑनलाइन होते. पेरणी न केलेल्या क्षेत्रावर, दुसऱ्याच्या आणि शासकीय जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणे पुढे आली आणि २०२५ मध्ये एक रुपयाची सवलत बंद झाली. पीक कोणत्या गटात उभे आहे ते सांगणारी नोंद शासनाकडे होती. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू आहे आणि शेतकरी स्वतः शेतातून छायाचित्रासह पिकांच्या नोंदीचा गाव नमुना १२ भरतो. अर्ज घेतानाच तो या नोंदीशी ताडून पाहिला असता तर बनावट अर्ज दारातच थांबले असते. ते झाले नाही आणि त्याची शिक्षा सवलत गमावलेल्या खऱ्या शेतकऱ्याला मिळाली.

ऑनलाइन सेवेपर्यंत कोण पोहोचते, तेही मोजलेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात कधी तरी इंटरनेट वापरलेले पुरुष ६१.५ टक्के आणि स्त्रिया ३८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रियांत हा आकडा २३.७ टक्के होता. देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावची वहितीखाती १४ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे जमीन नावावर असणाऱ्या स्त्रिया थोड्या आणि त्यातल्याही बहुतेकींना उतारा दुसऱ्याकडून काढून घ्यावा लागतो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर १९९२ मध्ये पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा शासन निर्णय झाला. त्याने किती सातबारे बदलले, हे अडीच कोटी नोंदी संगणकावर असूनही सहज काढता येत नाही, कारण सातबाऱ्याच्या नमुन्यात भोगवटादार स्त्री की पुरुष हे लिहायचा रकाना नाही. एक रकाना वाढवायला खर्च फारसा नाही.

शेजारच्या कर्नाटकाने हाच प्रवास सतरा वर्षे आधी केला. ‘भूमी’ प्रकल्पात २००१ पर्यंत ६७ लाख खातेदारांच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर आल्या, सुमारे नऊ हजार ग्राम लेखापालांकडची दप्तरे तालुक्याच्या केंद्रांत गेली आणि प्रतीचे शुल्क ठरले १५ रुपये, महाराष्ट्राने २०१८ मध्ये ठरवले तेवढेच. या प्रकल्पाची जगभर वाखाणणी झाली. सोलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बंगळूरच्या परिसरात केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र वेगळा होता: नोंद गावातून तालुक्याला गेल्यावर लाच आणि व्यवहाराला लागणारा वेळ वाढला, आणि एकत्रित नोंदींचा फायदा जमिनी मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्यांना झाला. खुल्या माहितीच्या बाजूने बोलणाऱ्याने हा निष्कर्ष टाळून पुढे जाऊ नये. माहिती उघडी केली की ती आधी ज्याच्याकडे वकील, संगणक आणि भांडवल आहे त्याच्या हाती लागते.

म्हणून काय उघडे करायचे ते निवडावे लागते. आज महाराष्ट्रात सातबारा संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. गाव आणि गट क्रमांक दिला की भोगवटादारांची नावे, क्षेत्र आणि इतर हक्कांतला बँकेचा बोजा दिसतो. एका शेतकऱ्याचे कर्ज शेजाऱ्याला दिसते. पण फेरफार मंजूर व्हायला आपल्या तालुक्यात सरासरी किती दिवस लागतात, ते त्याच शेतकऱ्याला त्याच ठिकाणी दिसत नाही. केंद्राचे माहिती खुली करण्याचे धोरण मार्च २०१२ मध्ये आले, त्याच वर्षी डेटा डॉट जीओव्ही डॉट इन सुरू झाले, आणि त्यावरची माहिती कशी वापरायची याचा परवाना २०१७ मध्ये ठरला. व्यक्तीची माहिती जपण्याचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. या चारही गोष्टी एकत्र वाचल्या तर दिशा स्पष्ट आहे: व्यक्तीचे तपशील राखून, कार्यालयाचे तपशील खुले.

कार्यालयाचे तपशील म्हणजे नेमके कोणते, हे महसुलातला कोणीही सांगेल. तालुकानिहाय दर महिन्याला धरलेल्या नोंदी, मंजूर आणि नामंजूर नोंदी, नामंजुरीची कारणे. अविवादित फेरफाराला लागलेले मध्यक दिवस, त्यांतले १५ दिवस वजा करून. हरकत आलेल्या नोंदींपैकी सहा महिन्यांहून जुन्या किती. कलम १५५ खालचे अर्ज आणि त्यांतल्या मान्य झालेल्यांचे प्रमाण, म्हणजे शासनाने स्वतः कबूल केलेल्या चुका. आकारबंद आणि सातबारा यांचे क्षेत्र न जुळणारे गट. मोजणीचे प्रलंबित अर्ज, साध्या आणि तातडीच्या शुल्काप्रमाणे वेगळे. वारसनोंदीचे अर्ज आणि त्यांत बहिणींचे हक्कसोडपत्र जोडलेले किती. यांतल्या कोणत्याही रकान्यात कोणाचे नाव येत नाही, आणि बहुतेक सगळे आकडे ई-फेरफार प्रणालीत आजही तयार आहेत, कारण प्रत्येक पायरीची तारीख आणि वेळ ती नोंदवते.

केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी अभियान मंजूर केले. त्यात २०२६-२७ पर्यंत ११ कोटी शेतकऱ्यांना ओळख क्रमांक द्यायचे आहेत आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असणार आहे. पीएम किसानमध्ये जोडणी एका योजनेची होती. इथे कर्ज, विमा, खत आणि खरेदी या सगळ्यांची एकदम होईल. ज्या सातबाऱ्यावर आजही आजोबांचे नाव आहे, त्याचा क्रमांक कोणाला मिळणार, हे तालुक्याच्या मंजूर नोंदींच्या यादीत ठरेल, आणि ती यादी पूर्ण व्हायला किती दिवस लागतात तो आकडा ओळख क्रमांकांच्या आधी जाहीर व्हायला हवा.